विद्यार्थ्यांचा निर्वाह भत्ता सत्राच्या आरंभी द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

महाविद्यालयीन आणि विद्यापीठीय शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्रात शिष्यवृत्ती, शुल्कमाफी आणि निर्वाह भत्त्याच्या योजना आज संख्येने कमी नाहीत. त्यांच्यासाठी अर्थसंकल्पात तरतूद होते, शासन निर्णय निघतात, दरवर्षी पोर्टल उघडते. तरीही गावाकडून शहरात शिकायला गेलेली मुले दिवाळीच्या सुट्टीत घरी येतात आणि त्यांतली काही परत जात नाहीत. ती परत का जात नाहीत याची कारणे अनेक असली, तरी पैसे चुकीच्या वेळी येणे हे त्यांतले मोठे कारण आहे, असे माझे अनुभवांती झालेले मत आहे. मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी अनुदानित महाविद्यालयात मी निवृत्त होईपर्यंत शिष्यवृत्तीचे टेबल सांभाळले. त्या टेबलावरून जे दिसले ते आपल्या वाचकांसमोर आणि शक्य झाल्यास संबंधित खात्यांसमोर यावे, यासाठी हे पत्र.

विद्यार्थ्याला मिळणाऱ्या शासकीय मदतीचे दोन भाग असतात. एक भाग शुल्काचा. तो शासन आणि महाविद्यालय यांच्यामधला व्यवहार आहे. तो लांबला तर महाविद्यालयाची अडचण होते, संस्थाचालक निवेदने देतात, पण वर्ग भरत राहतात. दुसरा भाग निर्वाहाचा, म्हणजे खोलीभाडे, मेस, पुस्तके आणि प्रवास यांचा. हा खर्च प्रवेशाच्या पहिल्या दिवसापासून सुरू होतो आणि त्याला मुदतवाढ देणारा कोणी नसतो. आपल्याकडे भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत हे दोन्ही भाग एकाच अर्जात, एकाच पडताळणीच्या रांगेत उभे केले आहेत आणि त्यामुळे जो खर्च थांबू शकतो त्याच्यासोबत जो थांबू शकत नाही तोही थांबतो. माझ्या मते सगळ्या तक्रारींचे मूळ येथे आहे.

ज्यांनी या राज्यात गरिबांच्या शिक्षणाचा पाया घातला, त्यांना हा फरक नेमका कळला होता. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1901 मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले आणि पुढे निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांची मालिकाच उभी केली, कारण खेड्यातल्या मुलाची खरी अडचण शहरात राहायचे कुठे आणि जेवायचे काय ही आहे, हे त्यांनी ओळखले होते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी 1913 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवले, ती शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची होती. वर्षअखेरीस एकदम हिशेब करून देण्याची ती रक्कम नव्हती. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्याच्या वसतिगृहात धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडले, ही गोष्ट रयत शिक्षण संस्थेत शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मुलांच्या जेवणाला पुढच्या महिन्याची तारीख देता येत नाही, हे त्या माउलीला कोणी शासन निर्णय काढून सांगावे लागले नाही. ज्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीविषयी मी लिहीत आहे, तिची सुरुवातही 1944 मध्ये, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, त्यांच्या प्रयत्नांतून झाली. एवढा वारसा असलेल्या योजनेची रक्कम विद्यार्थ्याच्या हाती परीक्षा तोंडावर आल्यावर, आणि काही वेळा पुढचे वर्ष उजाडल्यावर पडते, याची खंत वाटते.

आता रकमांकडे पाहू. केंद्र सरकारने 2021 मध्ये अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची नवी मार्गदर्शक तत्त्वे लागू केली. त्यांनुसार बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. यांसारख्या साध्या पदवी अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला वसतिगृहात राहत असल्यास वर्षाला 6,000 रुपये आणि घरून ये-जा करत असल्यास 3,000 रुपये शैक्षणिक भत्ता मिळतो. वैद्यकीय, अभियांत्रिकी आदी पहिल्या गटातील अभ्यासक्रमांना तो अनुक्रमे 13,500 आणि 7,000 रुपये आहे. म्हणजे खेड्यातून तालुक्याला रोज एसटीने येऊन कला शाखेत शिकणाऱ्या मुलीच्या वाट्याला महिन्याला 250 रुपये येतात. एसटीच्या सवलतीच्या पासला, वह्यांना आणि झेरॉक्सला ते पुरवून वापरणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत, म्हणून ही रक्कम निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. परंतु 250 रुपयांचा उपयोग ते त्या महिन्यात मिळाले तरच होतो. मार्चमध्ये एकदम आलेले 3,000 रुपये तोपर्यंत झालेली उसनवारी फेडण्यात जातात.

शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी जानेवारी 2017 च्या शासन निर्णयाने भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू झाली, ती खरोखर चांगली योजना आहे. मुंबई, ठाणे, पुणे, पिंपरी-चिंचवड, नागपूर अशा मोठ्या शहरांत शिकणाऱ्या विद्यार्थ्याला त्या निर्णयाप्रमाणे वर्षाला 60,000 रुपये ठरले: भोजनासाठी 32,000, निवासासाठी 20,000 आणि निर्वाहासाठी 8,000. शैक्षणिक वर्ष दहा महिन्यांचे धरले तर जेवणाला महिन्याकाठी 3,200 आणि राहण्याला 2,000 रुपये होतात. पुण्याच्या पेठांमध्ये कॉट बेसिसवर राहणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याला विचारले, तर 2017 मध्येसुद्धा 2,000 रुपयांत कॉट शोधण्यासाठी किती वणवण करावी लागत होती ते तो सांगेल. आज ती मिळण्याची आशाच नाही. आदिवासी विकास विभागाची पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना याच धर्तीवर अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, आणि इतर मागास वर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना अलीकडे आली आहे. मात्र तिच्यात जिल्ह्यामागे 600 विद्यार्थ्यांची मर्यादा आहे. छत्तीस जिल्हे मिळून हा आकडा 21,600 होतो आणि बीड, लातूर, नांदेड यांसारख्या जिल्ह्यांतून बाहेर शिकायला जाणाऱ्यांची गर्दी पाहिली की तो किती अपुरा आहे, हे वेगळे सांगायला नको.

स्वाधारच्या कागदपत्रांमधली एक अडचण येथे मुद्दाम नोंदवते. विद्यार्थी बाहेर भाड्याने राहतो याचा पुरावा म्हणून भाडेकरार किंवा शपथपत्र मागितले जाते. कॉट बेसिसवर मुले ठेवणारा घरमालक सहसा करार करून देत नाही. एका खोलीत चार-पाच मुले ठेवलेली असतात, त्याची लेखी नोंद त्याला नको असते. तेव्हा ज्या विद्यार्थ्याची परिस्थिती सर्वांत वाईट, त्याच्यापाशीच नेमका कागद नसतो. शिवाय या योजनेसाठी आधी शासकीय वसतिगृहासाठी अर्ज करायचा, निवड यादी लागेपर्यंत थांबायचे, यादीत नाव नाही हे सिद्ध झाले की मग स्वाधारची वाट मोकळी होते. ही सगळी वाट पाहायची ती शहरातच राहून, आणि तेथले भाडे आगाऊ द्यावे लागते.

उशीर कसा होतो हे सामान्य वाचकाला दिसत नाही, म्हणून प्रक्रिया थोडक्यात सांगते. विद्यार्थी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज भरतो. तो महाविद्यालयाच्या लिपिकाच्या लॉगिनला येतो, तेथून प्राचार्यांच्या लॉगिनला, तेथून संबंधित विभागाच्या जिल्हा किंवा विभागीय कार्यालयात, आणि मंजुरीनंतर देयक तयार होऊन कोषागाराच्या निधी उपलब्धतेनुसार रक्कम दोन हप्त्यांत खात्यावर जाते. यातील कोणत्याही पायरीवर एक कागद अस्पष्ट निघाला तर अर्ज विद्यार्थ्याकडे परत येतो. मुलांच्या भाषेत ‘अर्ज सेंड बॅक झाला’. हा निरोप मोबाइलवर येतो, आणि अर्ज भरून देणाऱ्या नेट कॅफेवाल्याने स्वतःचा किंवा दुसराच क्रमांक टाकलेला असेल तर तो विद्यार्थ्याला कळतच नाही. मी सत्राच्या मध्याला परत आलेल्या अर्जांची यादी काढून वर्गावर्गांत फिरून नावे वाचत असे. ज्यांचे वर्गात येणे बंद झालेले असे, त्यांची नावे वाचूनही उपयोग नसे.

ऊसतोड मजुरांच्या मुलांचे हाल या प्रक्रियेत सर्वाधिक होतात, आणि त्याचे कारण पूर्णपणे वेळापत्रकाचे आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास आईवडील कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्यावर जातात आणि मार्च-एप्रिलशिवाय परतत नाहीत. पोर्टलवरचे अर्ज, दुरुस्त्या आणि पडताळणी याच काळात जोरात असते. वडिलांच्या नावाचा उत्पन्नाचा दाखला काढायचा असतो, तेव्हा वडील फडात असतात. ओटीपी ज्या मोबाइलवर येणार तो त्यांच्या खिशात असतो आणि फडात बहुतेक वेळा रेंज नसते. मुलगी येथे रडकुंडीला आलेली असते. तिची पात्रता, तिची जात, तिच्या घरची गरिबी यांपैकी कशाबद्दलही शंका नसते. तरीही तिचा अर्ज ‘प्रलंबित’ या रकान्यात राहतो. तिच्या वर्षाचे भवितव्य एका ओटीपीवर अडते, हे मी एकाहून अधिक मुलींच्या बाबतीत पाहिले आहे आणि ते विसरणे मला शक्य नाही.

आधार जोडणीचेही असेच आहे. थेट लाभ हस्तांतरणाची रक्कम आधारला जे खाते शेवटी जोडले गेले असेल त्यावर जाते. मोबाइलचे सिम घेताना किंवा एखाद्या मोहिमेत नकळत उघडले गेलेले खाते अनेक मुलांच्या आधारला जोडलेले असते. अर्जात पासबुकाची प्रत एका बँकेची आणि रक्कम गेली भलत्याच खात्यात, अशी उदाहरणे दरवर्षी येत. म्हणून पालकांना माझी कळकळीची विनंती आहे की, प्रवेश होताच बँकेत जाऊन आधार कोणत्या खात्याशी जोडलेले आहे याची खात्री करून घ्यावी आणि अर्जात क्रमांक घरातल्या अशा व्यक्तीचा द्यावा, जी वर्षभर गावात असते.

2021 पासून आणखी एक बदल झाला. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा खर्च केंद्र आणि राज्य यांच्यात 60 आणि 40 टक्के असा विभागला गेला आणि केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर जमा होऊ लागला. त्यातील शुल्काची रक्कम विद्यार्थ्याने महाविद्यालयात भरायची, अशी अपेक्षा आहे. तत्त्वतः हे योग्य आहे. विद्यार्थ्याच्या हक्काचे पैसे त्याच्याच खात्यात यावेत. व्यवहारात मात्र दोन हिस्से दोन वेगवेगळ्या वेळी येतात, विद्यार्थ्याला कोणती रक्कम शुल्काची आणि कोणती भत्त्याची हे कळत नाही, घरी दवाखाना किंवा पेरणी निघालेली असते आणि पैसे खर्च होतात. मग वर्षअखेरीस महाविद्यालय थकबाकी दाखवते. या भीतीमुळे काही संस्था प्रवेशाच्या वेळीच पूर्ण शुल्क मागतात किंवा थकबाकीपोटी मूळ कागदपत्रे अडवून ठेवतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर 2018 च्या अधिसूचनेत मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेण्यास स्पष्ट मनाई केलेली आहे. ही अधिसूचना विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचलेलीच नाही, तर तिचा आधार ते घेणार कसा?

मुलींसाठी जुलै 2024 मध्ये झालेला निर्णय मोठा आहे आणि त्याबद्दल शासनाचे मनापासून अभिनंदन केले पाहिजे. कौटुंबिक वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. त्याआधी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसारख्या योजनांतून त्यातील निम्मा भार शासन उचलत असे. परंतु हा लाभ केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप फेऱ्यांमधून झालेल्या प्रवेशांनाच आहे, हे अनेक पालकांना प्रवेश झाल्यावर समजते. दुसरे असे की, शिक्षण शुल्क म्हणजे संपूर्ण शुल्क नव्हे; विकास शुल्क, वसतिगृह, मेस हे सगळे उरतेच. परभणीची मुलगी संभाजीनगरला अभियांत्रिकीला जाते, तेव्हा बापाला पडणारा प्रश्न शुल्काइतकाच तिच्या राहण्या-खाण्याचाही असतो. शुल्क शंभर टक्के माफ झाले, तरी निर्वाहाची सोय त्या प्रमाणात झाली नाही तर मुलीला पाठवण्याचा विचार घरात मागे पडतो आणि तिच्या लग्नाची बोलणी पुढे येतात.

उत्पन्नाच्या मर्यादेबद्दल एक विसंगती दाखवावीशी वाटते. वरील शुल्कमाफीच्या योजनांत मर्यादा आठ लाख आहे, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत ती अडीच लाख आहे. ही अडीच लाखांची मर्यादा 2013-14 च्या सुमारास ठरली. राज्य शासनाच्या सातव्या वेतन आयोगाच्या श्रेणीत शिपायाचे किमान मूळ वेतन 15,000 रुपये आहे. त्यावर महागाई भत्ता धरला की शिपायाचे कुटुंबसुद्धा अडीच लाखांच्या वर जाते. त्याच्या मुलाला फ्रीशिपमधून शुल्कमाफी मिळते, पण निर्वाह भत्ता मिळत नाही. म्हणजे येथेही तोच भाग सुटतो, जो रोज लागतो.

शैक्षणिक कर्जाचा पर्याय आहे, असे सुचवले जाते. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. निवडक गुणवत्ताप्राप्त संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तीत तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळू शकते, साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला 75 टक्के पतहमी आहे आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत आहे. ज्यांना आयआयटी किंवा तत्सम संस्था मिळाली त्यांच्यासाठी ही चांगली सोय आहे. तालुक्याच्या महाविद्यालयातील बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला तिचा काही उपयोग नाही. त्याच्यासाठी केंद्राची गुणवत्ता शिष्यवृत्ती आहे: बारावीला मंडळात वरच्या वीस पर्सेंटाइलमध्ये असलेल्या आणि साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या विद्यार्थ्यांना पदवीच्या पहिल्या तीन वर्षांसाठी वर्षाला 12,000 रुपये. देशभरात दरवर्षी अशा 82,000 नव्या शिष्यवृत्त्या असतात. आपल्याकडील किती कनिष्ठ महाविद्यालये बारावीच्या निकालाबरोबर मुलांना हे सांगतात? सूचना फलकावर कागद लावणे म्हणजे सांगणे नव्हे, एवढे माझ्या सहकाऱ्यांना आदरपूर्वक म्हणावेसे वाटते.

पैसे येईपर्यंत विद्यार्थी काय करतो, हे धोरण ठरवणाऱ्यांनी जाणून घेतले पाहिजे. पहिले दोन महिने तो घरून आणलेल्या पैशांवर काढतो. नंतर मेसवाल्या काकूंकडे उधारी चालते, आणि अशा अनेक काकूंनी महाराष्ट्रातील पिढ्या शिकवल्या आहेत हे कृतज्ञतेने सांगते. पूर्वी वार लावून जेवणारी मुले असत, आज उधारीवर जेवणारी आहेत. मग एक वेळचा डबा बंद होतो. लग्नसराईत केटरिंगला जाणे, रात्री एटीएमवर राखणदारी करणे, मोटारसायकलवरून जेवणाची पार्सले पोहोचवणे ही कामे सुरू होतात, हजेरी कमी पडते आणि हजेरी 75 टक्क्यांखाली गेली की स्वाधारचा पुढचा हप्ता धोक्यात येतो. विद्यार्थ्याने कष्ट करू नयेत असे मी म्हणत नाही. भाऊरावांची ‘कमवा आणि शिका’ ही या मातीतली कल्पना आहे आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठासह अनेक विद्यापीठे तिच्या नावाने योजना चालवतात. ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत काही तास काम करून मुले सन्मानाने मानधन मिळवतात. परंतु त्या कामाची वेळ अभ्यासाभोवती बेतलेली असते. शिष्यवृत्ती रखडल्यामुळे रात्रपाळी करावी लागणे ही वेगळी गोष्ट आहे.

विभागांची बाजूही समजून घेतली पाहिजे. खोट्या नावांवर शिष्यवृत्ती उचलल्याचे प्रकार या राज्यात उघडकीस आले, त्यांच्या चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमावे लागले, आणि त्यानंतर पडताळणी कडक झाली. मी ज्या खुर्चीवर बसले तेथून या कडकपणाची गरज मला पटते. पण पडताळणी कशाची आणि किती वेळा करायची, याचा विचार झालेला नाही. जात वैधता प्रमाणपत्र एकदा तपासले की दुसऱ्या वर्षी ते बदलत नाही. विद्यार्थी प्रथम वर्ष उत्तीर्ण होऊन द्वितीय वर्षात गेला, हे विद्यापीठाच्या निकालातून थेट कळू शकते. असे असताना नूतनीकरणाच्या अर्जालाही सर्व पायऱ्या चढाव्या लागतात आणि प्रत्येक पायरीवर माणसे कमी आहेत. अनेक महाविद्यालयांत शिष्यवृत्तीचे काम पाहणाऱ्या लिपिकाचे पद रिक्त आहे आणि तो भार प्रवेश, परीक्षा व लेखा यांतील जो मोकळा दिसेल त्याच्यावर टाकला जातो.

म्हणून माझ्या काही स्पष्ट सूचना आहेत. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतील शैक्षणिक भत्ता शुल्काच्या देयकापासून पूर्णपणे वेगळा करावा. नूतनीकरणाच्या विद्यार्थ्याला मागील वर्षाच्या मंजुरीवर आणि उत्तीर्ण झाल्याच्या नोंदीवर सत्र सुरू होताच पहिला हप्ता द्यावा. उत्पन्नाचा नवा दाखला दुसऱ्या हप्त्याच्या आधी घ्यावा. नव्या विद्यार्थ्याच्या बाबतीत प्रवेश निश्चित झाल्यापासून तीस दिवसांत किमान तात्पुरती मंजुरी मिळावी. स्वाधार, स्वयम् आणि आधार या तिन्ही योजनांत भाडेकराराऐवजी महाविद्यालयाने दिलेला रहिवासाचा दाखला ग्राह्य धरावा आणि रक्कम दरमहा जमा व्हावी. तिचे दर महागाई निर्देशांकाशी जोडावेत, जसा शासकीय कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता जोडलेला आहे. हा भत्ता मी आयुष्यभर घेतला आहे आणि तो वेळेवर मिळण्याचे मोल मला ठाऊक आहे.

ऊसतोड मजुरांच्या पाल्यांसाठी उत्पन्नाच्या दाखल्यांची शिबिरे जून-जुलैमध्येच, म्हणजे कुटुंबे गावात असताना घ्यावीत. हे तहसील कार्यालयांना कोणत्याही नव्या तरतुदीशिवाय करता येईल.

विद्यापीठांकडेही एक मागणी आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016 अन्वये प्रत्येक विद्यापीठात विद्यार्थी विकास मंडळ आहे. या मंडळांनी संलग्न महाविद्यालयांत फिरता निधी उभारावा आणि ज्या विद्यार्थ्याचा अर्ज पात्र आहे पण रक्कम आलेली नाही, त्याला तीन महिन्यांच्या मेसपुरती बिनव्याजी आगाऊ रक्कम द्यावी, जी शिष्यवृत्ती आल्यावर परत घेता येईल. पुण्याची विद्यार्थी सहायक समिती 1955 पासून ग्रामीण विद्यार्थ्यांच्या राहण्या-जेवणाची व्यवस्था समाजाच्या मदतीवर करत आली आहे. एक स्वयंसेवी संस्था हे इतकी वर्षे करू शकते, तर सार्वजनिक विद्यापीठांना एवढ्या छोट्या निधीची जबाबदारी जड जाऊ नये. माजी विद्यार्थी अशा निधीला हातभार लावतील याची मला खात्री आहे. आमच्या महाविद्यालयात शिकून नोकरीला लागलेली कितीतरी मुले ‘बाई, कुणाची फी अडली असेल तर कळवा’ असे आजही फोनवर सांगतात.

शेवटची मागणी कायद्याच्या चौकटीतली आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 मुळे नागरिकाला अधिसूचित सेवा ठरलेल्या दिवसांत मिळण्याचा हक्क आहे. विलंब झाल्यास प्रथम आणि द्वितीय अपील करता येते, आणि पुरेशा कारणाशिवाय सेवा नाकारणाऱ्या अथवा लांबवणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. उत्पन्नाच्या दाखल्याला जर दिवसांची मुदत असू शकते, तर ज्या शिष्यवृत्तीसाठी तो दाखला काढायचा तिच्या मंजुरीलाही ती असली पाहिजे. समाज कल्याण, आदिवासी विकास, इतर मागास बहुजन कल्याण आणि उच्च व तंत्र शिक्षण या विभागांनी शिष्यवृत्ती अर्जाच्या प्रत्येक पायरीसाठी दिवस ठरवून ही सेवा या अधिनियमाखाली अधिसूचित करावी. त्याचबरोबर कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या टेबलावर किती अर्ज किती दिवसांपासून आहेत, याचा तक्ता दरमहा पोर्टलवर सर्वांना पाहता येईल असा प्रसिद्ध करावा. ही माहिती विभागांच्या संगणकांत आजही तयार आहे. ती जाहीर करण्यासाठी केवळ आदेशाची गरज आहे, आणि तो पुढील प्रवेश फेऱ्या सुरू होण्यापूर्वी निघावा, अशी आपल्या वृत्तपत्रामार्फत मी शासनाला विनंती करते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त महाविद्यालयीन लिपिक,
मराठवाडा